साकुराला शिव्या घालण्याआधी निदान कथा तरी आठवा

अर्धाकप_चहा
काल 'नारुतो' या जपानी निन्जा-कथेच्या चर्चेत सुनामी_सम्याने लिहिलं, "साकुरा काढून टाकली तरी नारुतोच्या कथेत काडीचा फरक पडणार नाही. ती फक्त रडते आणि सासुके-सासुके करते." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन ओळींच्या उत्तराने माझं भागेना, म्हणून वेगळा धागा.

चुनिन परीक्षेतलं, म्हणजे निन्जांच्या बढतीच्या परीक्षेतलं, जंगल घ्या. तिच्या तुकडीतले नारुतो, सासुके दोघेही बेशुद्ध. समोर साऊंड गावचे तिघे शत्रू, त्यांतले दोघे किन आणि झाकू. किनने केस धरून ठेवलेत, तर ही कुनाईने, म्हणजे निन्जांच्या सुरीने, स्वतःचेच केस कापून सुटते. मग झाकूच्या हाताला कडकडून चावते. तो डोक्यात ठोसे घालतोय, रक्त गळतंय, पण ही दात सोडत नाही. नारुतोसारखा पोटात नऊ शेपट्यांचा कोल्हा नाही, सासुकेसारखी डोळ्यांत शारिंगानची शक्ती नाही, घराण्याची विद्या नाही.

आणि सासोरी? शिप्पुदेनमध्ये, म्हणजे कथेच्या दुसऱ्या पर्वात, अकात्सुकी या खलनायकांच्या टोळीतला पहिला गडी कोणी पाडला? त्याच्याच आजीने, चियोआजीने, आणि साकुराने. त्याआधी सासोरीने कांकुरोला दिलेलं विष त्याच्या सुना गावच्या वैद्यांना उतरवता आलं नाही, ते हिने उतरवलं. हा काडीचा फरक?

सुनामी_सम्या
सासोरी पडला नाही, पडून घेतला! शेवटचा वार त्याला चुकवता आला असता, हे खुद्द चियोआजीच सांगते. आईबापाच्या बाहुल्यांच्या मिठीत मेला तो. आणि चहावाले, तुम्ही बरोबर सोयीच्या ठिकाणी थांबलात. पुढे बर्फात उभं राहून नारुतोला खोटंच "माझं तुझ्यावर प्रेम आहे" कोण सांगतं? विष लावलेली कुनाई घेऊन सासुकेला संपवायला जाते, ऐन वेळी हात चालत नाही, मग नारुतोने येऊन वाचवायचं. आणि शेवटी लग्न कुणाशी, तर त्याच माणसाशी! छान संसार. मुलीला, सारादाला, शंका की आपली आई कारीन ही दुसरीच बाई तर नाही.

वॉर्डातली_विशाखा
सम्या, निन्जांच्या चौथ्या महायुद्धात होतास कुठे? पोटातला कोल्हा, कुरामा, काढून घेतल्यावर नारुतो मरायला टेकलाय. गारा नावाच्या सोबत्याच्या उडत्या वाळूवर ही त्याची कूस कापते, हात आत घालते आणि मुठीने त्याचं हृदय दाबत राहते. तोंडाने श्वास देते. मी इंटर्नशिप करते. पहिल्यांदा सीपीआर दिला तेव्हा थोड्याच वेळात माझे दंड भरून आले, सिनियर ओरडत होते "दाब, दाब", आणि माझ्या डोक्यात तेच पान. पेशंट गेला. घरी येऊन ते प्रकरण पुन्हा वाचलं. मला कुणी साकुराची उपयुक्तता शिकवू नये.

रामेन_बंड्या
ताई, मान्य, पण हा पुरावा नाही, तुमचा अनुभव आहे. माझी तक्रार वेगळीच. दर दोन भागांनी ती नारुतोला भिरकावून देते, तो विनोद कुणाला हसवतो? मुलाने मुलीला असं मारलं असतं तर?

अर्धाकप_चहा
ॲनिमेवाल्यांनी, म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेने, ते ताणलंय. मूळ चित्रकथेत, मांगात, इतकं नाही. मांगा न वाचता मतं ठोकायची सवय सोडा.

परभणी_एक्सप्रेस
आले मांगावाले! आमच्याकडे नेटची बोंब होती. भावाने आणि मी नारुतो सोनी यायवर हिंदीत बघितला, शाळेतून आल्यावर, आईच्या मालिकेशी भांडून. म्हणजे आम्हाला मत नाही का?

जुना_वाचक
मत असू द्या, पण हिंदी डबमध्ये मूळ कलाकाराचा आवाज जातो. चिए नाकामुराने साकुराचं रडणं आणि चिडणं किती वेगळं केलंय ते ऐकल्याशिवाय "रडते" म्हणणं म्हणजे...

परभणी_एक्सप्रेस
म्हणजे काय? वाक्य पूर्ण करा की. सबटायटल वाचणारे काय आभाळातून पडले? पुण्यात रूमवर बसून फुकटच्या साइटवर बघितलं की तज्ज्ञ, टीव्हीवर बघितलं की पोरंटोरं! असल्या लोकांमुळेच मी ग्रुप सोडले.

जुना_वाचक
मी पुण्याचा नाही. आणि मी पैसे भरून बघतो.

परभणी_एक्सप्रेस
सत्कार करू?

रामेन_बंड्या
अरे साकुरा राहिली बाजूला!

वॉर्डातली_विशाखा
परभणी बरोबर बोलतोय. जुना_वाचक, माझ्या भाचीला जपानीही येत नाही आणि सबटायटल वाचायचा वेगही नाही. तिने बघूच नये?

जुना_वाचक
असं मी म्हटलेलंच नाही. पण ठीक आहे, तुमचं बहुमत.

अर्धाकप_चहा
बहुमतावरून आठवलं. नारुतोतल्या आवडत्या पात्रासाठी झालेल्या २०२२-२३च्या जागतिक मतदानात मिनातो पहिला, इताची दुसरा, तिसरी कोण? साकुरा. खुद्द नारुतो तिच्या मागे. सम्या, आता बोल.

सुनामी_सम्या
रोज एक मत टाकता येत होतं. म्हणजे तिचे चाहते चिकाटीचे आहेत एवढंच सिद्ध झालं. चिकाटीत ती तिसरी, दिलं. आणि हृदयाचा तो प्रसंगही दिला, कारण विशाखाताईंशी भांडायची माझी हिंमत नाही. लग्नाचं मात्र मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. ज्याने तुम्हाला गेंजुत्सूत, म्हणजे भ्रमात, टाकून छातीतून हात आरपार काढला, त्याच्यासाठी बारा-बारा महिने घर सांभाळत बसायचं?

वॉर्डातली_विशाखा
त्याबद्दल साकुराला नाही, लेखक किशिमोतोला धर. ७०० प्रकरणं लिहिली त्याने, तिच्यासाठी एक धड संवाद सुचला नाही.

परभणी_एक्सप्रेस
ते असो. पहिल्या मालिकेत १३५व्या भागानंतर २२०पर्यंत बहुतेक फिलरच, म्हणजे मूळ कथेत नसलेला भरणाच, आहे म्हणतात, ते खरंय का? भाऊ विचारतोय, सरळ शिप्पुदेन लावू का. जुना_वाचक सोडून कुणीही सांगा.