मदत हवी आहे: ब्रिटिशांचं रशियाबद्दलचं मत नेमकं कधी फिरलं?

नमस्कार मंडळी, १९व्या शतकातल्या ब्रिटनमध्ये रशियाबद्दल एवढी भीती आणि राग कुठून आला ते मला नीट समजून घ्यायचंय. म्हणजे बघा ना, १८१४ मध्ये झार अलेक्झांडर पहिला लंडनला आला तेव्हा नेपोलियनला हरवणारा म्हणून त्याला बघायला रस्त्यावर तुफान गर्दी, आणि पुढच्या ४० वर्षांत तेच ब्रिटिश क्रिमियात रशियाशी लढतायत! मधे १८२७ ला ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या नवारिनोत दोघांचं आरमार एकाच बाजूने तुर्कांविरुद्ध लढलं होतं, हे तर मला फारच विलक्षण वाटतं.

बहुतेक ठिकाणी हिंदुस्थान जाईल ही भीती एवढंच कारण देतात, पण मला ते अपुरं वाटतं. १८३०-३१ चं पोलंडचं बंड रशियाने चिरडलं त्याने ब्रिटनमधले उदारमतवादी चिडले, मग १८३३ चा रशिया आणि तुर्कस्तानमधला उंकियार स्केलेसीचा मैत्रीचा तह, शिवाय ब्रिटिश मुत्सद्दी आणि लेखक डेव्हिड अर्कहार्टसारखे लोक रशियाविरुद्ध सतत लिहीत होते.

तर यात जास्त वजन कशाचं होतं, लोकमताचं की सरकारी धोरणाचं? आणि त्या काळातली ब्रिटिश वर्तमानपत्रं, पार्लमेंटमधली भाषणं ऑनलाइन फुकट कुठे वाचता येतील? मराठीत काही चांगलं असेल तर प्लीज नक्की सांगा.