'वडील, दाढीवाल्या माणसांचा मान ठेवीन'

इराची आई:
लेक यंदा पहिलीत गेली. घरी आली की हात ताठ पुढे करून प्रतिज्ञा म्हणते. 'वडीलधाऱ्या माणसांचा' आलं की ठणकावून, 'वडील, दाढीवाल्या माणसांचा मान ठेवीन!' बाबाला दाढी, मामाला दाढी, त्यामुळे तिला शंकाच नाही. परवा आजोबा गुळगुळीत दाढी करून आले, तर हिनं गंभीरपणे विचारलं, 'आता यांचा ठेवायचा का?' शिवाय परंपरांचा 'पाईक' नाही, 'बाईक' होण्याची पात्रता. लगेच सुधारावं की राहू द्यावं? तुमच्याकडचंही सांगा, मी वहीत उतरवून ठेवतेय.

मंदामावशी:
'फळीवर वंदना' आमच्याकडेही आहे, ती कुणाकडे नसते! पण धाकट्या नातवानं कमाल केली. शेजारी जयदेवकाका राहतात. गणपतीत सगळी सोसायटी 'जय देव जय देव' म्हणत त्यांनाच ओवाळते अशी त्याची पक्की समजूत. चौथ्या दिवशी विचारतो, 'आपल्या बाबांची आरती कधी?'

निवृत्त मास्तर, सातारा:
ताई, पोरांचा कान ओळखीचा शब्द शोधतो. 'फणिवरबंधना' म्हणजे कमरेला नाग बांधलेला. 'फणिवर' आपण मोठे तरी कधी बोलतो? त्यात झांजांचा गजर, शब्द सुटे ऐकूच येत नाहीत. मग फळी बरी, ती घरात दिसते.

प्रतिज्ञेचं तेच. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली. मराठीत आली ती 'पाईक', 'सौख्य' असे भारदस्त शब्द घेऊन. वर्गात एकानं मला विचारलं होतं, 'गुरुजी, पालकाचा मान ठेवायचा, मग मेथीचा का नाही?' मी त्याला जवळ घेतलं आणि पालक म्हणजे पाळणारे, तुझे आईबाबा, एवढंच सांगितलं. 'चूक' म्हणून पोराला गप्प करू नका. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. शिवरायांच्या मावळ्यांची एखादी गोष्ट सांगा, बाईक आपोआप सुटेल.

पुणेकर बाबा:
मास्तरांशी शंभर टक्के सहमत. राष्ट्रगीतात 'द्राविड' आलं की आमचा चिरंजीव छाती फुगवायचा. राहुल द्रविड आहे म्हणे त्यात. सचिन का नाही, यावर रडारड झाली होती. इराची आई, वहीत वय लिहाच, आणि आवाजही फोनवर रेकॉर्ड करा. तो ठणका कागदावर उतरत नाही.