४९-० खरं, पण जोड कुणाशी? रॉकी मार्सियानोवरून पेटलेला वाद

खासबागची_पायरी
रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर विषय निघाला. दोनदा कट मागवून झाला तरी मिटला नाही, म्हणून इथं टाकतोय.

मित्राचं म्हणणं असं की बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटात, रॉकी मार्सियानोसारखा झाला नाही. ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआऊट. सप्टेंबर १९५२ मध्ये जगज्जेता झाला आणि एप्रिल १९५६ मध्ये गादीवर असतानाच निवृत्त झाला. हार नाही, बरोबरी नाही.

आकडा मलाही मान्य आहे. पण आपल्याकडं कुणी "एवढ्या कुस्त्या मारल्या" असं सांगायला लागला की पायरीवर बसलेलं शेंबडं पोरगंही आधी विचारतं, "कुणावर?" कुस्ती नेमताना जोड बघतात. तोलामोलाची नसली तर लोक शिट्ट्या मारून उठवतात.

आता रॉकीची जोड बघा. जो लुई, ऑक्टोबर १९५१: वय ३७, एकदा निवृत्त होऊन आयकराच्या देण्यापायी परत आलेला. जर्सी जो वॉलकॉट, १९५२: वय ३८. आर्ची मूर, १९५५: वय ३८, आणि ते कमी सांगितलंय असं म्हणणारेही होतेच. एझर्ड चार्ल्स त्यातल्या त्यात तरुण, ३२-३३ चा, पण तोवर नव्वदच्या वर लढती खेळून झिजलेला. राहिला इंग्लंडचा डॉन कॉकेल. त्याचा फोटो एकदा बघा, मी काही बोलत नाही.

म्हाताऱ्या वाघांची शिकार करून झालेला राजा. माझं मत बदलून दाखवा.

पंचगंगा_घाट
भावा, वयं पाठ केलीस, पण तो माणूस त्या दिवशी कसा खेळत होता ते सोडून दिलंस.

लुईचं सोड. ती लढत बघवत नाही, हे मीही म्हणतो. (तरी, चार्ल्सकडून हरल्यानंतर लुई ओळीनं आठ लढती जिंकून रॉकीपुढं आला होता, एवढं नोंदवून ठेव.)

पण वॉलकॉट? तो कुणी अडगळीतून काढून आणलेला गडी नव्हता, जगज्जेता होता. जुलै १९५१ मध्ये ३७ व्या वर्षी त्यानं चार्ल्सला सातव्या राउंडला डाव्या हातानं बाजूनं मारलेल्या एका ठोशावर (हुक) झोपवून गादी घेतली. सगळ्यात मोठ्या वयात हेवीवेटची गादी मिळवायचा त्याचा विक्रम पुढं १९९४ पर्यंत टिकला; जॉर्ज फोरमननं ४५ व्या वर्षी मोडला तेव्हा. १९५२ च्या जूनमध्ये चार्ल्स परत आला, तर वॉलकॉटनं त्याला गुणांवर हरवलं. आणि तीनच महिन्यांनी फिलाडेल्फियात रॉकी. पहिल्याच राउंडला वॉलकॉटनं रॉकीला पाडलं. तोवर रॉकीला कुणीच पाडलेलं नव्हतं. बारा राउंड झाले तेव्हा पंचांच्या तिन्ही गुणकार्डांवर वॉलकॉट पुढं. तेराव्यात दोघांचे उजवे हात एकाच वेळी सुटले, रॉकीचा आधी पोचला. वॉलकॉटचा डावा हात दोरीत अडकला आणि गडी तसाच लोंबकळत खाली आला.

बारा राउंड रॉकीला शिकवणारा माणूस म्हातारा म्हणून खोडायचा असेल, तर मग जोड म्हणायचं तरी कुणाला?

जोर_बैठका
घाटवालं भाऊ, भाषण झ्याक झालं. पण मूर हेवीवेट कवा हुता सांगा की? लाइट हेवीवेटचा चॅम्पियन त्यो. चार्ल्स बी तसलाच, मिडलवेटपासनं चढत आलेला. खालच्या वजनाची माणसं वर आणून पाडली, त्यात काय नवल? आमचा वस्ताद आसता तर म्हणला आसता, जा, आदी तुज्या वजनाचा गडी बघ जा.

पंचगंगा_घाट
काटा बघितलास काय? रॉकी आणि मूर दोघंही त्या दिवशी ८५ किलोच्या आसपासच भरले. रॉकी स्वतःच लहान हेवीवेट. आजच्या नियमानं तो क्रूझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात, बसला असता, आणि हात तर त्याचे एवढे आखूड की कुणीही लांबून मारून जावं. म्हणून तर वाकून आत घुसायची त्याची पद्धत.

राहिलं लाइट हेवीवेट म्हणजे हलका माल, हे. लॅरी होम्स ४८-० वर होता, एक जिंकला असता तर रॉकीच्या बरोबरीला आला असता. २१ सप्टेंबर १९८५ ला त्याला कुणी अडवलं? मायकेल स्पिंक्सनं. लाइट हेवीवेटच्या चॅम्पियननं. आणि मूर १९५५ च्या मे महिन्यात नीनो वाल्देससारख्या धिप्पाड हेवीवेटला हरवून, जूनमध्ये बोबो ओल्सनला तिसऱ्या राउंडला झोपवून आला होता. रॉकीला त्यानं दुसऱ्या राउंडला पाडलं. हरल्यावरही त्याची लाइट हेवीवेटची गादी १९६२ पर्यंत कुणाला रिंगणात हिसकावता आली नाही.

तांबडा_पांढरा
सगळ्यांनी रॉकीलाच का धरलंय? फ्लॉइड मेवेदरचं ५०-० बघा की. पन्नासावा कोण, तर कॉनर मॅकग्रेगर, ज्याची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती पहिलीच लढत. असली कुस्ती आपल्या खासबाग मैदानात नेमली असती तर हलगीवाल्यानंच हलगी खाली ठेवली असती.

खासबागची_पायरी
मेवेदरवर वेगळा धागा काढ भावा, तिथं आपण एका बाजूला असू.

रंकाळा_चक्कर
बॉक्सिंगमधलं मला जास्त कळत नाही. पण वयावरून बोलताय म्हणून एक सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत माझी कुस्ती पंचेचाळिशीच्या एका गड्याशी लागली. एकेकाळी त्याचं नाव होतं, दोन्ही कान गोळा झालेले. मी तेवीसचा, सकाळ-संध्याकाळ मेहनत चालू. वाटलं, दोन मिनिटांचं काम. पहिली पाच मिनिटं त्यानं मला नुसतं मानेवर हात टाकून आखाडाभर फिरवलं. मी पट काढायला वाकायच्या आधीच त्याचा पाय मागं गेलेला असायचा. लोक हसायला लागले. मग कधीतरी त्याचा श्वास माझ्या कानाशी फाटल्यासारखा ऐकू आला, आणि मला कळलं की आता हा संपला. घिस्सा मारला आणि चित केला. फेटा, गुलाल, इनाम, सगळं झालं.

वस्ताद परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलले नाहीत. तालमीच्या दारात उतरताना म्हणाले, "त्याला दम पुरला असता तर?"

त्यामुळं मला पायरीचंही पटतंय आणि घाटाचंही, आणि त्याचाच राग येतोय.

निवृत्त_मास्तर
मंडळी, एक जुनं उदाहरण. १९२८ साली पतियाळात गामानं पोलंडच्या झिबिस्कोला मिनिटाच्या आत चितपट केलं. झिबिस्को तेव्हा पन्नाशीला टेकलेला. ती कुस्ती आपण अजून छाती फुगवून सांगतो. तेव्हा का नाही कुणी वय विचारत? की आपला तो बाब्या?

खासबागची_पायरी
मास्तर, नमस्कार. तुम्हाला उलट बोलायचं म्हणजे जिवावर येतं, पण बोलतो.

गामाही तेव्हा पन्नाशीचाच होता, म्हणजे जोड वयाला वय होती. शिवाय ते जुनं देणं होतं. १९१० साली लंडनमध्ये झिबिस्को ऐन भरात होता, तेव्हा गामा त्याला भिडला होताच. अडीच तासांवर झिबिस्को मॅटला पोट लावून पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. रॉकीनं भरातला लुई कधी बघितलाच नाही. लुई १९३७ मध्ये चॅम्पियन झाला तेव्हा रॉकी शाळकरी पोर होता. यात रॉकीचा दोष नाही, कबूल. पण दोष नाही म्हणजे गुण दिलेच पाहिजेत असं थोडंच आहे?

आणि आता माझा हुकमी पत्ता. भरातला, तरुण, न हरलेला गडी रॉकीपुढं आला तेव्हा काय झालं? मार्च १९५०, रोलँड लास्टार्झा. वय २२, ३७ पैकी ३७ जिंकलेला. दहा राउंड. एक जज रॉकीकडं, एक लास्टार्झाकडं, आणि रेफ्रीच्या कार्डावर राउंड पाच-पाच. शेवटी जादा गुणांवर निकाल रॉकीकडं. त्यातला एक राउंड इकडचा तिकडं झाला असता तर आज हा धागाच नसता.

अजून एक. निवृत्त झाला एप्रिल १९५६ ला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लॉइड पॅटरसननं २१ व्या वर्षी मूरला पाचव्या राउंडला पाडून ती गादी घेतली. तरुण जोड दारात उभी होती आणि रॉकी घरी गेला.

निवृत्त_मास्तर
पॅटरसनचं नाव काढलंत म्हणून. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तो मिडलवेटचं सुवर्ण घेऊन गेला. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपले खाशाबा जाधव कांस्य घेऊन आले. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून त्यांना पाठवलं होतं. खाशाबा तिथं जपानच्या इशीकडून हरले, आणि इशीनं सुवर्ण घेतलं. ती हार सांगताना आपल्याला कधी लाज वाटली नाही, कारण समोर कोण होता ते माहीत होतं. तेव्हा पायरी, तुमचा मुद्दा मी समजू शकतो. पण निवृत्त झालेल्या माणसाला पळपुटं म्हणू नका. पाठीचं दुखणं आणि घरची माणसं, दोन्ही त्याला होती.

पंचगंगा_घाट
लास्टार्झाचं अर्धंच सांगितलंस. १९५३ मध्ये जगज्जेतेपदासाठी तो परत समोर आला. वय २६, म्हणजे रॉकीपेक्षा जवळजवळ चार वर्षांनी लहान. अकराव्या राउंडला रेफ्रीला लढत थांबवावी लागली. तरुण जोड मागत होतास ना, ही घे.

आणि चार्ल्सला झिजलेला म्हणालास. जून १९५४ ला त्यानं रॉकीला पंधरा राउंड पुरवले. पूर्ण पंधरा राउंड रॉकीपुढं उभा राहिलेला तो एकटाच. सप्टेंबरमध्ये त्यानं रॉकीचं नाक असं फोडलं की लढत केव्हाही थांबली असती. रॉकीनं आठव्यात झोपवून विषय संपवला. झिजलेली माणसं असं खेळतात?

जोर_बैठका
नाक फुटल्याला फोटो बघितला. जेवण जाईना राव.

खासबागची_पायरी
काल रात्री वॉलकॉटची लढत पुन्हा बघितली, तेरावा राउंड तीनदा. वॉलकॉटला मी यादीतनं काढतो. ती जोड होती. लास्टार्झाची दुसरी लढतही धरतो, घाटानं पकडलं मला.

लुईवर मात्र हटत नाही. रॉकीनं स्वतःही तो विजय कधी मिरवला नाही. लढतीनंतर लुईच्या खोलीत जाऊन तो रडला होता म्हणतात. आणि मूरचं खरं वय कुणी पुराव्यानिशी आणून दिलं, तर पुढच्या रविवारची मिसळ माझ्याकडनं. जादा कटासकट.