खोडदला भाच्याने विचारलं "कोणी बोललं का अजून?" आता त्याला काय सांगू?

पावशेर_आकाश:
दरवर्षी विज्ञान दिनाला जायचं जायचं म्हणून राहून जायचं, यंदा एकदाचा भाच्याला घेऊन खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) बघून आलो, नारायणगावच्या पुढे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, 14 एका जागी गोळा केल्यासारख्या आणि उरलेल्या तीन दिशांना, सगळा पसारा पार 25 किलोमीटरचा, म्हणजे रस्त्याने जाताना एखादी डिश अचानक शेतामागून डोकं काढते. लांबून वाटतं पत्र्याची असेल, जवळ गेल्यावर कळतं नुसती बारीक तारेची जाळी आहे, आरपार आभाळ दिसतं. मोबाईल बंद ठेवा म्हणून सगळीकडे सूचना.

भाचा नऊ वर्षांचा. माहिती देणाऱ्या ताईंनी पल्सार म्हणजे गरगर फिरणारे मेलेले तारे, हायड्रोजन सगळं छान समजावलं आणि शेवटी याने हात वर केला, "मग तिकडून, दुसऱ्या ग्रहावरून, कोणी बोललं का अजून?" ताई हसल्या, म्हणाल्या नाही रे, अजून तरी नाही. पोरगं येताना गाडीत गप्प. मग चाकणच्या ट्रॅफिकमध्ये मलाच सुरू, मामा आपल्या आकाशगंगेत तारे किती, ग्रह किती. कमीत कमी 10 हजार कोटी तारे, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह 6000 च्या वर सापडलेत, मग सगळीकडे चिडीचूप का? 1950 मध्ये फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाने जेवता जेवता हेच विचारलं होतं म्हणे, सगळे आहेत तरी कुठे. फर्मीला उत्तर मिळालं नाही तिथे मामा काय देणार. तुम्हाला काय वाटतं, आहेत की नाहीत?

गोट्या_कोथरूड:
आहेत, पण आपले व्हॉट्सॲप ग्रुप बघून म्यूट केलंय 😂

खांबावरचा_माणूस:
मी 31 वर्षं टेलिफोनच्या लाइनवर काढली, त्यामुळे माझा प्रश्न आधी वेगळा, ऐकलंय किती? 1960 ला फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञाने पहिल्यांदा कान लावला तेव्हा दोन तारे ऐकले, फक्त दोन. त्यानंतर बरंच झालं, पण दिशा बरोबर हवी, फ्रिक्वेन्सी बरोबर हवी, आणि त्याच वेळी समोरच्याने बोलायला हवं, तिन्ही जुळलं तर लागणार. असेच सिग्नल शोधणाऱ्या जिल टार्टर बाईंनी छान म्हटलंय, समुद्रातून ग्लासभर पाणी काढलं, त्यात मासा नाही, म्हणून समुद्रात मासे नाहीत म्हणणार का.

दुसरं म्हणजे खरखर. आमच्याकडे तक्रार यायची लाइनवर कोणीतरी बोलतंय, भुताटकी आहे, फोन टॅप होतोय, आणि जाऊन बघावं तर दहात नऊ वेळा ओल धरलेला जॉइंट. आकाशातही तेच चाललंय. 2019 ला ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या दिशेने 982 मेगाहर्ट्झवर सिग्नल मिळाला, सूर्य सोडला तर आपला सगळ्यात जवळचा तारा, सव्वाचार प्रकाशवर्षं, केवढी चर्चा झाली, 2021 ला निघालं काय तर इथल्याच यंत्रांचा गोंधळ. त्याच दुर्बिणीला आणखी एक गूढ सिग्नल वर्षानुवर्षं छळत होता, तो मायक्रोवेव्ह बंद व्हायच्या आत कोणीतरी दार उघडायचं त्याचा होता! जेवण गरम करत होते हो लोक.

एकच जॉइंट अजून सापडला नाही. 15 ऑगस्ट 1977, ओहायोची बिग इअर दुर्बीण, 72 सेकंद जोरात सिग्नल, तिथले खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन यांनी छापून आलेल्या कागदावर पेनाने वॉव लिहिलं. 72 च सेकंद का, तर ती दुर्बीण जागची हलत नव्हती, पृथ्वी फिरेल तसं आकाश समोरून सरकायचं आणि एक जागा तेवढाच वेळ समोर राहायची. पुढे पुष्कळदा तिथे कान लावला, पुन्हा काही नाही. एकदाच वाजलेल्या रिंगवर मी तरी तक्रार नोंदवून घेतली नसती.

आणि भाच्याला हे जरूर सांगा, 2016 च्या ऑक्टोबरमध्ये युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरताना जो बारीकसा सिग्नल देत होतं तो या खोडदच्या डिशनी पकडला होता. उतरायच्या जरा आधी तो तुटला आणि यान आपटलं ते वेगळं.

बायोवाल्या_मॅडम:
दादांचं ऐकण्याबद्दलचं पटलं, पण बोलणारं कोणी असेलच हे कशावरून धरताय सगळे? जीव असणं आणि बुद्धिमान जीव असणं यात फार अंतर आहे हो. पृथ्वी साधारण 450 कोटी वर्षांची, जीव निदान 350 कोटी वर्षांपासून आहेत, आणि त्यातला बहुतेक सगळा काळ नुसते सूक्ष्मजीव. प्राणी म्हणावं असं काही यायला शेवटची 60 कोटी वर्षं उजाडली. मग डायनोसॉर, त्यांनी 16 कोटी वर्षं राज्य केलं आणि एक रेडिओ बनवला नाही, आणि त्यांचं काही अडलंही नाही. आपण 3 लाख वर्षांचे, त्यात रेडिओ सव्वाशे वर्षांचा. म्हणजे दुसरीकडून कोणी पृथ्वीकडे कान लावून बसलं असतं तर कोट्यवधी वर्षं ऐकून "इथे कोणी नाही" असा शेरा मारून निघून गेलं असतं, आणि खाली डायनोसॉर चरत होते!

जंतू मात्र असतील, भरपूर असतील असं माझं मत. आपल्या नारळीकर सरांनी तर बलून सोडून हवेचे नमुने आणवले होते, हैदराबादहून, 41 किलोमीटर उंचीपर्यंतचे. 2005 च्या बलूनमधून तीन नवीन जिवाणू सापडले, 2009 ला जाहीर झाले, अतिनील किरणांना दाद न देणारे, एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांचं नाव दिलं. बाहेरूनच आले असं सिद्ध नाही झालं, इथलेच वर गेलेले असू शकतात, इस्रोनेही तेच सांगितलं. पण मी आठवीच्या वर्गात हे सांगते तेव्हा एलियनपेक्षा जास्त शांतता होते.

गोट्या_कोथरूड:
म्हणजे मॅडम, एलियन आहेत पण ते डेटॉलने मरतात 😭

बायोवाल्या_मॅडम:
अतिनील किरणांना पुरून उरलेत ते, डेटॉलचं सांगता येत नाही.

पावशेर_आकाश:
दोघांचंही वाचून दाखवलं. ओल धरलेला जॉइंट फारच आवडला. पण आता नवीन प्रश्न, "मग आपण केला का फोन?"

केरीची_सून:
केलाय की! 1974 ला पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवरून संदेश पाठवला, शौरी तारकासमूहातल्या एम 13 या ताऱ्यांच्या गुच्छाकडे, पोचायलाच 25 हजार वर्षं, उत्तर यायला आणखी तेवढीच. ती दुर्बीण 2020 ला कोसळलीसुद्धा, म्हणजे फोन करून आपणच इन्स्ट्रुमेंट मोडलं.

आणि नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर 55 भाषांत नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे! शिवाय माझ्या सासरच्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर आहेत त्यावर, भैरवी, "जात कहां हो". व्हॉयेजर 1 उडालं 5 सप्टेंबर 1977 ला आणि बाई गेल्या 16 सप्टेंबरला. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, भैरवी शेवटी गातात, या लोकांनी सुरुवातीलाच पाठवली.

सेकंदाला 17 किलोमीटरने चाललंय ते यान, आणि तरी अजून एका प्रकाशदिवसाच्या आसपासच. मॅडम म्हणतात तसे कोणी नसतील तर नसोत, पण अंतराचं हे गणित घातलं तर असले काय नि नसले काय, आपल्या हयातीत गाठ पडणं अवघड.

खांबावरचा_माणूस:
गाठ नको, नुसती रिंग वाजली तरी मी पेढे वाटीन.

पावशेर_आकाश:
मराठी नमस्कार ऐकवला, चार वेळा लावायला लावला. आता म्हणतोय उत्तर मराठीत आलं तर खोडदच्या ताईंना कळेल, हिंदीत आलं तरी चालेल.

बाकी एक कबुली देतो. घरी आल्यावर लक्षात आलं, बहिणीचा फोन बंद केला होता, माझा खिशात चालूच होता. तिथे असताना फॅमिली ग्रुपवर 63 मेसेज आलेले.

खांबावरचा_माणूस:
अहो!!! म्हणजे नेमकं त्या दिवशी कोणी बोललं असेल तर ते तुमच्या गुड मॉर्निंगखाली गेलं की हो.