जॅक लंडन: ‘ऑयस्टर पायरेट’ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकन लेखक जॅक लंडनवर (१८७६–१९१६) परिचयलेख लिहितेय, आणि त्याच्या पंधराव्या वर्षातच गाडी अडली आहे. ‘ऑयस्टर पायरेट’ला काय लिहू? ‘कालवेचोर’ लिहिलं तर पाटबंधारे खातं आठवतं. ‘शिंपले-चाचा’ वाचून तर घरातले सगळे हसले.

— ‘कालवं’ असं अनुस्वार देऊन लिहा, पाटाचा कालवा मध्ये येणार नाही. चाचे मात्र नको. चाचे भर समुद्रात दुसऱ्याचं गलबत लुटतात. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत कालवांची खाजगी लागवड होती. पूर्व किनाऱ्यावरून रेल्वेने बी आणून ती तिथे वाढवत. ही पोरं रात्री ओहोटी साधून उतरायची, पोती भरायची आणि सकाळी ओकलंडमध्ये विकायची. दुसऱ्याच्या शेतातली उभी कणसं कापून न्यावीत, तसलाच प्रकार. ‘कालवंचोर’ पुरे.

— अर्थ बरोबर, पण ऐट गेली की हो! दूधआई व्हर्जिनिया प्रेंटिसकडून ३०० डॉलर उसने घेऊन त्याने ‘रॅझल डॅझल’ नावाची शिडाची होडी घेतली होती. ही बाई जन्माने गुलाम. कारखान्यात डबे भरण्यापेक्षा हे बरं, असा पोराचा हिशोब. त्या वयात तो स्वतःला चोर थोडाच म्हणवून घेणार?

— मग ‘कालवं-लुटारू’ करा. पुढे हाच गडी मासेमारी-गस्तीच्या पथकात जाऊन जुन्या दोस्तांसारख्यांनाच पकडायला लागला. ‘लुटारू’ आणि ‘गस्त’ शेजारी शेजारी आले की गंमत आपोआप कळते.

लुटारू घेतला, आभार. आता क्लोंडाइक, म्हणजे कॅनडाच्या वायव्येचा सोन्याचा मुलूख. १८९७ मध्ये सोन्यामागे तो तिकडे गेला. तिथे जुन्या माणसाला ‘सोअरडो’ आणि नव्याला ‘चीचाको’ म्हणत. पहिल्याला मी ‘आंबट पीठ’ लिहून खोडलंय.

— खोडलंत ते उत्तम. तिथले जुने लोक भाकरीसाठी आंबवलेल्या पिठाचा गोळा जवळ बाळगत, आणि तो गोठू नये म्हणून अंगाच्या उबेत ठेवत. त्यावरून त्या माणसांचंच ते नाव पडलं. आपल्याकडे ‘मुरलेला’ तयारच आहे, आणि त्यातही मुरण्याची क्रिया आहेच. चीचाको हा चिनूक बोलीतला शब्द, अर्थ नवा आलेला. ‘नवखा’ म्हणा, फार तर पहिल्यांदा मूळ शब्द द्या.

— एक भर घालतो. क्लोंडाइकच्या वाटेवरच्या चिलकूट खिंडीपलीकडे जायचं तर वर्षभराची शिधासामग्री सोबत हवी. सगळं मिळून जवळपास टनभर ओझं. एका खेपेत ते नेणं अशक्य, म्हणून त्याच चढावर पुन्हा पुन्हा फेऱ्या. त्याला ‘गिर्यारोहण’ म्हणू नका, ती शुद्ध हमाली होती. लंडनने ती केली, हिवाळा काढला आणि स्कर्व्हीने (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) हिरड्या सुजवून १८९८ मध्ये परतला. सोनं जवळजवळ नाहीच. त्या एका हिवाळ्यावर कथा मात्र पुढे कित्येक वर्षं लिहिल्या.

शेवटचं. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीसाठी (१९०३) त्याला मॅकमिलन या प्रकाशकाकडून २००० डॉलर ‘मानधन’ मिळालं, चालेल?

— अजिबात नाही. मानधन म्हणजे लेखकाने मान खाली घालून घेतलेली जी मिळेल ती रक्कम (अनुभवाचे बोल). लंडन रोज हजार शब्द पाडायचा आणि पैशासाठी लिहितो हे उघड सांगायचा. शिवाय हा व्यवहार वेगळा होता: पुस्तकाचे हक्क एकरकमी विकले, त्यामुळे पुढच्या खपावर स्वामित्वधन (रॉयल्टी) नाही. मासिकातल्या क्रमशः प्रकाशनाचे ७५० डॉलर वेगळे. ‘२००० डॉलरला हक्क विकले’ असं सरळ लिहा. पुस्तक तुफान खपलं हे पुढच्या वाक्यात सांगा.