होडीच्या ट्रान्समचं (इंजिन लावायच्या मागच्या भिंतीचं) प्लाय कुजलंय, घरीच बदलायचं आहे

शापोराकाठ: १६ फुटी फायबरची होडी, २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. इंजिन वर उचललं की ट्रान्सम हलतो. ड्रेन प्लगजवळचा (पाणी काढायच्या बुचाजवळचा) स्क्रू काढला तर तपकिरी पाणी येतं, ठोकून बघितलं तर खालचा अर्धा भाग बद्द वाजतो. मासेमारीबंदी ३१ जुलैला उठेल, तोवर काम व्हायला हवं. आतून कापू की बाहेरून? पॉलिएस्टर रेझिन आणि चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची) घरात आहे, चालेल?

फायबरमिस्त्री: आतूनच कापा बाब. बाहेरचा थर शाबूत राहिला तर आकार आणि कोन आयता मिळतो. त्याआधी दोन्ही काठांना आडवी फळी बोल्ट करा, नाहीतर काठ फाकतात. वरच्या सुक्या भागात जुन्या प्लायची जाडी मोजा. बहुधा १८ मिमीचे दोन थर बसतील. प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायच्या) शिक्क्याचंच घ्या. कडांना तीन हात इपॉक्सी रेझिन द्या, पाणी तिथूनच शिरतं.

चिकटवताना आधी दोन्ही बाजूंना पातळ इपॉक्सीचा हात, मग सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं. क्लॅम्प करकचून आवळू नका. रेझिन पिळून बाहेर येतं, जोड कोरडा राहतो आणि पुढे तिथेच सुटतो. कोपऱ्यात त्याच घट्ट इपॉक्सीची गोलाई करा, वरून काचेच्या कापडाचे तीन थर, बाजूंवर आणि तळावर १००, १५० आणि २०० मिमी चढवून.

मांडवीपार: पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही, ओल लागली की सुटतं. ती मॅटही इपॉक्सीबरोबर नको: तिचे धागे धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट ताठ राहते. शिवलेलं बायअक्षियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) कापड आणा. पावसाळी हवेत इपॉक्सीवर तेलकट साय येते. ती आधी पाण्याने घासून धुवा, मगच सँडपेपर लावा, नाहीतर पुढचा थर धरणार नाही. आतला भाग खडखडीत सुकल्याशिवाय प्लाय बसवू नका, मग बंदी उठून गेली तरी चालेल.

शापोराकाठ: इंजिनाच्या बोल्टची भोकं?

फायबरमिस्त्री: १२ मिमीच्या बोल्टला १८ मिमीचं भोक पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, पूर्ण कडक झाल्यावर मधून १२ मिमी पाडा. मग बोल्टभोवती पाणी झिरपलं तरी लाकडाला लागत नाही. ड्रेनच्या भोकालाही हेच. बोल्ट ३१६ स्टेनलेस स्टीलचे, खाली मरीन पॉलियुरेथेन सीलंट, सिलिकॉन नको. इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर) धड धरत नाही, त्यामुळे शेवटचा हात दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) पेंटचा द्या.