नेपाळला जायला आधारकार्ड पुरतं का?
आईवडिलांना पशुपतिनाथाला न्यायचंय म्हणून तुम्ही विचारलंत, आणि वर "सोनौलीला, नेपाळच्या सीमेवर, कोणी काही विचारत नाही, आधार खिशात टाकून निघा" असा सल्ला आलाय. कृपा करून त्यावर विसंबू नका. सोनौलीच्या कमानीखालून माणसं बाजाराला जावं तशी दिवसभर ये-जा करतात, हे खरं. पण तुम्ही विमानाने जाणार आहात. तिथे पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतंच. २०१९ पासून आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांना. मधल्या वयाच्यांना आधारच काय, पॅन, लायसन्सही चालत नाही.

वडील ७१ चे, त्यांची काळजी नाही. आई ६२ च्या, तिथेच घोळ होईल. आम्ही आत्याला नेलं तेव्हा तिचं मतदार कार्ड इतकं झिजलेलं की फोटोत नुसतं कुंकू दिसत होतं. काउंटरवरच्या मुलीने ते तीनदा उजेडात धरून पाहिलं. आत्या पदराचं टोक मुठीत धरून उभी. शेवटी सोडलं, पण ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. आईंचं कार्ड आजच कपाटातून काढून बघा. मूळ कार्डच न्या, झेरॉक्सवर जाऊ नका.

बरोबर येणाऱ्या सोळा वर्षांच्या भाचीसाठी मुख्याध्यापकांकडून ठरलेल्या नमुन्यातलं ओळखपत्र घ्या. तिथे कागद हरवलेच तर काठमांडूच्या भारतीय दूतावासात इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त एकदा भारतात परतण्यापुरतं.